युद्धात साधा माणूस क्रूर कसा होतो? सहाव्या ठिपक्याची गोष्ट

दिवाळीच्या पहाटे तेल लावायला पाटावर बसलं की आजी आधी वाटीत बोट बुडवून फरशीवर तेलाचे सात ठिपके काढायची. सात चिरंजीवांचे. तोंडाने 'अश्वत्थामा बलिर्व्यासो' हा श्लोक पुटपुटत असायची. पहिला ठिपका अश्वत्थाम्याचा, आणि तो जरा मोठा, कारण त्याच्या कपाळावरची जखम अजून भरलेली नाही आणि तो दारोदार तेल मागत हिंडतो. आम्ही पोरं हनुमानाबद्दल विचारायचो, बळीबद्दल विचारायचो. सहावा ठिपका कृपाचार्यांचा. त्याबद्दल कुणी कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. कौरवांकडचे कुणीतरी आचार्य, एवढ्यावर भागायचं.

महाभारतातलं सौप्तिकपर्व मी नीट वाचलं ते पुष्कळ वर्षांनी. तेव्हापासून माझं लक्ष पहिल्या ठिपक्यावरून सहाव्यावर सरकलं, ते सरकलंच. युद्धात चांगली, शिकलेली, घरी पोराबाळांत रमणारी माणसं एवढी क्रूर कशी होतात, हे समजून घ्यायला अश्वत्थाम्यापेक्षा त्याचा मामा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. कसं, ते सांगतो. वाटेत ग्रीसमध्ये, पोलंडच्या सरहद्दीवर आणि व्हिएतनाममध्येही थोडं थांबावं लागेल.

या प्रश्नाचं एक तयार उत्तर आपल्या सगळ्यांकडे असतं: युद्ध माणसातला पशू जागा करतं. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून समजत काहीच नाही. काल ज्याने शत्रूला सोडून दिलं तोच आज त्याला का कापतो? एकाच तुकडीतले दोघं आग लावतात आणि तिसरा नुसता बघत उभा राहतो, तो कोणत्या पशूमुळे? इथे इतिहासापेक्षा साहित्य कामाला येतं. इतिहास किती मेले ते सांगतो. मारण्याच्या आधी पाच मिनिटं काय बोलणं झालं, हे कथा-काव्य सांगतं. क्रौर्य कुठून आलं ते शोधायचं तर ती पाच मिनिटं हवीत.

आधी नियम बघू. कुरुक्षेत्रावर सैन्यं समोरासमोर उभी राहिल्यावर दोन्ही बाजू बसून करार करतात. भीष्मपर्वाच्या सुरुवातीलाच तो आहे. रथातल्याने रथातल्याशी लढावं, हत्तीवरच्याने हत्तीवरच्याशी, पायदळाने पायदळाशी. सावध केल्याशिवाय वार नाही. जो दुसऱ्याशी लढतोय, ज्याने पाठ फिरवली, ज्याचं शस्त्र मोडलं किंवा कवच गेलं, त्याला मारायचं नाही. सारथी, ओझी वाहणारे, शस्त्रं पुरवणारे, भेरी आणि शंख वाजवणारे यांना हात लावायचा नाही. आणि एक कलम तर वाचताना घशाशी येतं: दिवसाचं युद्ध थांबलं की आपसात पुन्हा प्रेम असावं.

म्हणजे युद्ध सुरू होतं तेव्हा कुणीच राक्षस नसतो. सगळे आपल्या परीने सभ्य असतात. मग दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे उभं करून भीष्मांना पाडलं जातं. तेराव्या दिवशी सहा महारथी एकट्या अभिमन्यूला घेरतात. चौदाव्या दिवशी भूरिश्रवा सात्यकीशी लढत असताना अर्जुन बाजूने बाण मारून त्याचा हात तोडतो, आणि प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याचं मुंडकं सात्यकी उडवतो. त्याच रात्री पहिल्यांदा मशाली पेटवून अंधारात लढाई चालू राहते. पंधराव्या दिवशी युधिष्ठिराच्या तोंडून अर्धसत्य बाहेर पडतं, द्रोण शस्त्र ठेवून बसतात आणि धृष्टद्युम्न त्यांचं डोकं कापतो. सतराव्या दिवशी भीम दुःशासनाचं रक्त पितो. चाक उपसणारा कर्ण मारला जातो तोही त्याच दिवशी. अठराव्या दिवशी दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसते.

यातलं एकही कृत्य करणाऱ्याला आपण नियम मोडतोय असं वाटत नाही, जुनी बाकी वसूल करतोय असं वाटतं. ही वाण्याची वहीच समजा. प्रत्येक जण मागची उधारी फेडतो, आणि त्याचं फेडणं म्हणजे समोरच्याच्या वहीत नवी उधारी. दोघांच्या वह्या वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात, त्यामुळे हिशोब कधीच जुळत नाही. पांडवांची वही द्यूतसभेपासून सुरू होते. अश्वत्थाम्याची पंधराव्या दिवसापासून, बापाच्या मुंडक्यापासून.

आता ती रात्र. अठरावा दिवस मावळलाय. अकरा अक्षौहिणींपैकी लढण्याच्या अवस्थेत उरलेत तिघं: अश्वत्थामा, कृप, कृतवर्मा. मांडी फुटून पडलेल्या दुर्योधनाने अश्वत्थाम्याला सेनापती केलंय. दोन माणसांचं सैन्य. तिघं रानात शिरतात आणि एका प्रचंड वडाखाली थांबतात. बाकीचे दोघं जमिनीवर आडवे होतात, त्यांना झोप लागते. अश्वत्थामा जागा आहे.

वडावर कावळे झोपलेत, हजारो. तेवढ्यात एक मोठं घुबड येतं, आवाज न करता. कुणाचे पंख तोडतं, कुणाची मान, कुणाचे पाय. थोड्याच वेळात झाडाखाली तुकड्यांचा सडा पडतो. अश्वत्थामा म्हणतो, या पक्ष्याने मला उपदेश केला.

युद्धाने केलेला सगळा घोटाळा मला या एका वाक्यात दिसतो. घुबड पोटासाठी मारत होतं. ते ना सूड घेत होतं ना न्याय करत होतं. अश्वत्थामा त्यातून धडा काढतो, कारण त्याला धडा हवाच आहे. ज्याने करायचं ठरवलंय त्याला निसर्गात, इतिहासात, पोथीत, कुठेही आधार सापडतो. 'माणसातला पशू' या आपल्या लाडक्या कल्पनेवर व्यासांनी आधीच टिप्पणी करून ठेवली आहे म्हणा ना: इथे पशू फक्त निमित्त आहे, युक्तिवाद माणसाचा आहे.

तो दोघांना उठवतो, बेत सांगतो: झोपलेल्या पांचालांना आत्ताच जाऊन कापायचं. कृप त्याचा सख्खा मामा. कृपीचा भाऊ. मामा भाच्याला समजावतो, आणि मामाने समजवावं तसंच समजावतो. तू कित्येक रात्री जागा आहेस, आज झोप. सकाळी आपण तिघंही चिलखतं चढवून जाऊ. त्याआधी धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू, ते सांगतील तसं करू. आणि मग ते एक यादी सांगतात. झोपलेल्याला मारणं कुणी वाखाणत नाही. शस्त्र खाली ठेवलेल्याला मारत नाहीत. 'मी तुझा आहे' म्हणणाऱ्याला, शरण आलेल्याला, केस मोकळे सुटलेल्याला, ज्याची जनावरं मेली आहेत त्याला मारत नाहीत.

अश्वत्थामा वहीची पानं उलटतो. भीष्म, भूरिश्रवा, माझे वडील, कर्ण, दुर्योधन. त्यांनीच हा बांध आधी शंभर ठिकाणी फोडला, आता मला एकट्याला अडवता? पुढच्या जन्मी किडा झालो, पतंग झालो तरी चालेल, पण बापाला मारणाऱ्यांना झोपेत मारीन. लक्षात घ्या, तो हे पाप नाही असं म्हणत नाही. पाप आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि त्याची किंमत मोजायला तो तयार आहे. क्रूर माणसाला बरं-वाईट कळत नाही, ही आपली समजूत इथे साफ खोटी ठरते.

तो एकटाच रथ जोडायला लागतो. आणि हे दोघं काय म्हणतात? रथ कशासाठी जोडतोस? आपण एकत्र निघालोय, तुझं सुखदुःख ते आमचं, आमच्यावर शंका घेऊ नकोस. आणि ते त्याच्या मागोमाग निघतात. एवढंच. मत बदललेलं नाही, वादात हार मान्य केलेली नाही. भाचा एकटा निघालाय, म्हणून मामा निघाला.

पुढचं सगळ्यांना ढोबळ ठाऊक असतं, तपशील कमी ठाऊक असतो. अश्वत्थामा धृष्टद्युम्नाच्या तंबूत शिरतो आणि त्याला लाथ मारून उठवतो. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्राने तरी मार, म्हणजे चांगला लोक मिळेल. अश्वत्थामा सांगतो, गुरूला मारणाऱ्यांना कसले लोक. आणि टाचांनी, लाथांनी, मर्मावर घाव घालत त्याला तुडवून मारतो. व्यासांचा शब्द आहे 'पशुमारम्'. पशूला मारतात तसं.

हा शब्द नीट बघण्यासारखा आहे. आपण म्हणतो, मारणारा पशू झाला. व्यास म्हणतात, मरणाऱ्याला पशू केलं. दोन्हींत मोठं अंतर आहे. क्रौर्याचं पहिलं काम समोरच्याचा माणूसपणा काढून घेणं, आणि त्यासाठी मारणारा अगदी शुद्धीवर असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने इलियडवर, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यावर, एक निबंध लिहिला. तिचंही म्हणणं याच्या जवळ जाणारं आहे: बळ माणसाची वस्तू करून टाकतं.

तंबूत हे चाललेलं असताना कृप कुठे आहेत? शिबिराच्या दारात. कृतवर्म्याबरोबर. आतून जीव घेऊन पळत येणाऱ्यांना मारायचं काम त्यांच्याकडे आहे. पळत येणारे कसे होते ते व्यास सांगतात: हातात शस्त्र नाही, अंगावर कवच नाही, केस सुटलेले, हात जोडलेले, भीतीने थरथरणारे. त्यांतल्या एकालाही या दोघांनी सोडलं नाही.

मामांची वडाखालची यादी आठवा. शस्त्र नसलेला, शरण आलेला, केस सुटलेला. थोड्या तासांपूर्वी ज्यांना मारू नये म्हणून सांगितलं, बरोबर तीच माणसं, जवळजवळ त्याच शब्दांत, त्यांच्याच हातून मरतात. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. आणि एवढ्यावर थांबत नाही. शिबिराला तीन ठिकाणी आग लावली जाते, ती अश्वत्थामा लावत नाही. हे दोघं लावतात. कशासाठी? द्रोणपुत्राला आणखी बरं वाटावं म्हणून. मूळ श्लोकात हेच कारण दिलंय.

अश्वत्थाम्याकडे निदान संताप तरी आहे. कृपाचार्यांकडे तोही नाही. त्यांच्याकडे आहे नातं, सोबत, आणि एकदा निघालोच आहोत तर काम नीट करू ही सवय. युद्धातल्या कत्तलींमध्ये तंबूत शिरणारे थोडे असतात, दारात उभे राहणारे पुष्कळ. दारातले नसतील तर तंबूतल्याचं काम तडीस जात नाही.

आता तंबूतल्याकडे वळू, कारण तोही जन्मतः तसा नसतो. इलियडच्या एकविसाव्या सर्गात लायकेऑन नावाचा ट्रॉयचा राजपुत्र नदीकाठी अकिलीस या ग्रीक वीराच्या हाती सापडतो. गंमत अशी, की तो दुसऱ्यांदा सापडलाय. आधी एकदा रात्री बापाच्या बागेत फांद्या तोडत असताना अकिलीसने त्याला पकडलं होतं, आणि मारलं नव्हतं. लेम्नॉस बेटावर विकलं, शंभर बैलांच्या किमतीला. पुढे त्याची सुटका झाली, तो घरी परतला, अकरा दिवस मित्रांत काढले आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच माणसासमोर. तो गुडघे धरतो, दया मागतो. अकिलीस म्हणतो, पॅट्रोक्लस जिवंत होता तोवर तुमच्या लोकांना सोडून देणं मला आवडायचं. आता नाही. तेव्हा मित्रा, तूही मर. पॅट्रोक्लस गेला, तो तुझ्यापेक्षा किती चांगला होता.

'मित्रा' म्हणतो, आणि तलवार खुपसतो. प्रयोगशाळेत मांडावा तसा हा प्रसंग आहे: मारणारा तोच, मरणारा तोच, युद्ध तेच. बदललंय एवढंच की मधल्या काळात एक मित्र मेला.

जोनाथन शे नावाचे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. त्यांच्या कहाण्या ऐकताना त्यांना अकिलीस आठवत राहिला, आणि १९९४ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. सैनिक बेभान होऊन वाटेल ते करायला लागतो त्याच्या आधी बहुतेक वेळा दोन गोष्टी घडलेल्या असतात. एक, त्याच्या वरच्या माणसाने 'योग्य काय' याचाच विश्वासघात केलेला असतो. ग्रीकांचा सेनानायक अगामेम्नॉन अकिलीसचा मान हिसकावतो, तसा. दोन, जिवाभावाचा सोबती मेलेला असतो आणि रडायला सवड मिळालेली नसते. अश्वत्थाम्याला हे माप लावून बघा. विश्वासघात: 'अश्वत्थामा मेला' हे खोटं साक्षात धर्मराजाच्या तोंडून. मृत्यू: बापाचा, बसल्या जागी. आणि खोटं ज्याच्या नावाने बोललं गेलं तो तर स्वतः जिवंत आहे. शोक करायला उसंत? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लढाई.

टिम ओब्रायन या अमेरिकी लेखकाने स्वतः व्हिएतनाममध्ये पायदळात काढलेल्या दिवसांतून जी कथा उभी केली, तीत हेच चक्र दिसतं. सैनिक रॅट कायलीचा जिवलग सुरुंगावर पाय पडून मरतो. नंतर तुकडीला म्हशीचं एक रेडकू सापडतं. कायली त्याला आपल्या डब्यातलं खायला देतो. ते खात नाही. मग तो त्याच्या गुडघ्यात गोळी घालतो, मग कानात, मग असं एकेका जागी, मरू नये पण दुखावं अशा बेताने. मग रडत निघून जातो. पूर्ण तुकडी उभी राहून बघते, कुणी एक शब्द बोलत नाही. आणि शेवटी दोघं जण ते रेडकू उचलून गावाच्या विहिरीत टाकतात. रेडकाच्या हालांनी वाचक हळहळतो. विहिरीचं वाक्य मात्र लेखक सहज टाकून पुढे जातो. गावाचं पिण्याचं पाणी नासवणारे हे दोघं दुःखाने वेडे झालेले नव्हते. दारातले होते.

मित्र न मरताही माणूस बदलतो, आणि तो बदल मला जास्त भीतीदायक वाटतो. आयझॅक बाबेल हा ज्यू लेखक १९२० च्या सोव्हिएत-पोलिश युद्धात बुदयोनी या सोव्हिएत सेनानीच्या घोडदळाबरोबर फिरला. त्यातून आलेल्या कथांपैकी एका छोट्या कथेत चष्मा लावणारा, कायदा शिकलेला निवेदक कोसॅक सैनिकांच्या तुकडीत येतो. त्याची पेटी रस्त्यावर भिरकावली जाते, टर उडवली जाते, शेजारी शिजणाऱ्या मांसाच्या वासाने पोटात खड्डा पडलेला. घरमालकीण म्हातारी, धड दिसत नसलेली. तो तिच्याकडे जेवण मागतो. ती म्हणते, मला गळफास लावून घ्यावासा वाटतो. तेवढ्यात अंगणात एक हंस डौलात फिरत असतो. निवेदक त्याला गाठतो, जमिनीशी दाबतो आणि बुटाखाली त्याचं डोकं चिरडतो. म्हातारीला फर्मावतो, शिजव.

तुकडीतला एक जण म्हणतो, हा गडी आपल्यात बसेल. त्याला बसायला जागा मिळते, आपल्यातलं खायला मिळतं. तो त्यांना लेनिनचं भाषण वाचून दाखवतो, सगळे ऐकतात. रात्री सहा जण एकमेकांच्या पायांत पाय अडकवून गवतात झोपतात, उबेत. सगळं सुखाचं आहे. फक्त त्याचं काळीज आतल्या आत कण्हत असतं.

यात ना सूड आहे, ना हुकूम. एक हंस मारला आणि त्या बदल्यात ऊब मिळाली, इतका साधा व्यवहार. एकटं पडण्याची भीती सगळ्यांनाच असते, युद्धात ती दसपट होते, कारण तिथे एकटा माणूस मेलेलाच असतो. त्या भीतीपोटी माणूस काय काय चिरडेल याला अंत नाही. 'तुझं सुखदुःख ते आमचं' हे मामांचं वाक्य मला बाबेलच्या त्या गवतात पुन्हा ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट युद्ध करतं. ते शब्द बदलतं. अथेन्सचा थ्युसिडिडीझ स्वतः सेनापती होता, मोहीम फसल्यावर हद्दपार झाला आणि त्याने स्पार्टाशी चाललेल्या युद्धाचा इतिहास लिहिला. इसवी सनपूर्व ४२७ मध्ये कॉर्सायरा बेटावर एकाच गावचे लोक एकमेकांना कापायला लागले, त्याबद्दल तो लिहितो: आततायीपणाला धाडस म्हणू लागले, सबुरीला भित्रेपणा, आणि दोन्ही बाजू समजून घेणाऱ्याला कुठल्याच कामाचा नाही असं. युद्ध हा दांडगा मास्तर आहे, असंही तो म्हणतो. शांततेच्या दिवसांत पोटापाण्याची सोय असते म्हणून माणसं बरी वागतात. ती सोय काढून घेतली की बहुतेकांचं मन परिस्थितीच्या मापाचं होतं. 'बहुतेकांचं', 'सगळ्यांचं' नाही. माणूस मोजून शब्द वापरणारा होता.

त्याच वर्षीची दुसरी हकिकत. मिटिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठराव केला: सगळे पुरुष मारा, बायका-पोरं गुलाम करा. एक जहाज हुकूम घेऊन निघालं. रात्र गेली आणि लोकांना वाटायला लागलं, हे फार होतंय. पुन्हा सभा, पुन्हा वाद, थोड्या मतांनी ठराव फिरला. दुसरं जहाज सोडलं, पहिल्याच्या मागे जवळपास एक दिवस आणि एक रात्र. वल्हवणारे थांबले नाहीत. वल्ही मारता मारताच त्यांनी वाइन आणि तेलात मळलेलं सातूचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोपले. आणि पहिल्या जहाजावरचे? असल्या कामाला जायची त्यांना घाई नव्हती, ते सावकाश चालले होते. सेनापतीने हुकूम वाचला आणि अंमल सुरू करणार तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं.

मला या गोष्टीत पहिलं जहाज आवडतं. त्या वल्हेकऱ्यांनी बंड केलं नाही, हुकूम मोडला नाही, नुसते रेंगाळले. तेवढ्या रेंगाळण्याने एक शहर वाचलं. अर्थात पूर्ण नाही. बंडाचे म्होरके म्हणून हजारावर माणसं मारलीच.

अकरा वर्षांनी, ४१६ मध्ये, तेच अथेन्स मेलॉस नावाच्या छोट्या बेटासमोर उभं होतं. बेटावरचे लोक न्यायाच्या गोष्टी बोलत होते. अथेन्सचे दूत म्हणाले, न्यायाचा प्रश्न बरोबरीच्यांत येतो. बलवान जमेल ते करतात, दुबळे सोसावं लागेल ते सोसतात. मेलॉस पडल्यावर हाती लागलेले सगळे प्रौढ पुरुष मारले, बायका-मुलं विकली. या वेळी दुसरं जहाज निघालं नाही. पुढच्याच वर्षी, ४१५ मध्ये, नाटककार युरिपिडीझने अथेन्सच्या रंगमंचावर ट्रॉयच्या हरलेल्या बायका आणून उभ्या केल्या. प्रेक्षकांत मेलॉसचा ठराव करणारे नागरिक बसलेले असणार.

आता एक शंका रास्त आहे. सगळं खापर युद्धावर फोडायचं का? द्रौपदीला केस धरून सभेत ओढलं तेव्हा युद्ध कुठे होतं? सगळे जेवूनखाऊन, जुगार खेळत, आपापल्या आसनांवर बसलेले होते. तिच्या प्रश्नाला ज्येष्ठांपैकी कुणी धड उत्तर दिलं नाही. विकर्ण उठून विचारतो की सगळ्यांचे आचार्य असलेले द्रोण आणि कृप गप्प का?

कृप. म्हणजे ते तिथेही होते. अभिमन्यूला घेरणाऱ्या सहा जणांतही होते. हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. सभेत गप्प, चक्रव्यूहात सामील, वडाखाली धर्म सांगणारे, दारात बाण सोडणारे. युद्धाने त्यांना नव्याने काही शिकवलं असं म्हणता येत नाही. सभेत मान खाली घालायची सवय होती, तिच्या हातात युद्धाने धनुष्य दिलं. म्हणून 'युद्ध क्रौर्याचं कारण आहे' या वाक्याला मी एवढी दुरुस्ती सुचवेन की बी शांततेतच पेरलेलं असतं. पण सभेत मान खाली घालून कुणी मरत नव्हतं. त्या सवयीची किंमत हजारो पटींनी वाढली ती युद्धात.

त्या रात्रीनंतर अश्वत्थाम्याचा हिशोब झाला. ब्रह्मशिर अस्त्र त्याने सोडलं, अर्जुनानेही सोडलं. अर्जुनाला ते परत घेता आलं, याला नाही. मग त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. कपाळावरचा मणी गेला, आणि कृष्णाने शाप दिला: तीन हजार वर्षं रक्ता-पुवाच्या वासाने माखलेला, एकटा, कुणाशी बोलणंही नाही, असा हिंडशील. लोकांनी पुढे त्या शापाला तेलाची वाटी जोडली, सातपुड्यात अस्तंभ्याच्या डोंगरावर त्याची जागा केली. नंदुरबारकडची माणसं दिवाळीत तिथे यात्रेला चढतात. एवढा दुष्ट माणूस, पण त्याच्या जखमेची लोकांना कणव आहे, हे मला आपल्या लोकांचं मोठं शहाणपण वाटतं.

कृपाचार्यांना मात्र कुणी शाप दिला नाही. युद्ध संपल्यावर ते हस्तिनापुरात परतले, मानाने राहिले. उत्तरेच्या पोटातला गर्भ त्या अस्त्राने मेलेलाच जन्मला, कृष्णाने त्याला जिवंत केलं, तो परीक्षित. पांडव सगळं सोडून हिमालयाकडे निघाले तेव्हा युधिष्ठिराने या नातवाला शिष्य म्हणून कुणाच्या हवाली केलं? कृपाचार्यांच्या. पोराला धनुर्विद्या शिकवताना त्यांनी नियमही सांगितले असतीलच. शस्त्र ठेवलेल्यावर बाण सोडायचा नाही, हात जोडलेल्यावर नाही, केस सुटलेल्यावर नाही. यादी त्यांना तोंडपाठ होती.